कोइझुमी याकुमो : घरातून मिळालेली कथा

परक्या देशातील घर कथेत आणू पाहणाऱ्या लेखकासाठी लाफ्काडिओ हर्न यांचे चरित्र उद्बोधक आहे. त्यांचा जन्म १८५० मध्ये ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर झाला. वडील आयरिश, आई ग्रीक. सोळाव्या वर्षी डावा डोळा गेला. उरलेली दृष्टीही अधू होती. अमेरिकेत पत्रकारिता केल्यानंतर १८९० मध्ये ते जपानला गेले आणि मात्सुए येथे इंग्रजीचे शिक्षक झाले. तेथेच सामुराई कुळातील कोइझुमी सेत्सु यांच्याशी त्यांचा संसार सुरू झाला.

मात्सुए येथील घराचे व बागेचे बारकाईने केलेले वर्णन त्यांच्या १८९४ मधील ग्रंथात आढळते. जपानी पुस्तके मात्र त्यांना स्वतः वाचता येत नसत. सेत्सु जुन्या कथा वाचून त्यांना सांगत. परंतु पुस्तक बाजूला ठेवून त्या स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात, असा हर्न यांचा आग्रह असे. १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व स्वीकारून ते कोइझुमी याकुमो झाले. १९०४ मध्ये ‘क्वाइदान’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला टोकियोत त्यांचे निधन झाले.

बोरिवली वा मुलुंडमध्ये बसून जपानी घराची कथा लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात घ्यावे : चटया, सरकते दरवाजे यांची माहिती ग्रंथांतून मिळते, घरात कोण कोणाशी कसे बोलते, हे मात्र घरातील माणसाकडूनच कळते.