पुराणातील उड्डाणाला पडद्यावर पंख देणारे दादासाहेब

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघाले की वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. अंजनीपुत्र हनुमानाचा जन्म याच डोंगरावर झाला, अशी या परिसराची श्रद्धा आहे. उगवत्या सूर्याला फळ समजून बाल हनुमानाने आकाशात झेप घेतल्याची कथा इथे घरोघरी सांगितली जाते. या डोंगरापासून थोड्याच अंतरावर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. पुढे ४७ वर्षांनी याच हनुमानाचे आकाशगमन त्यांनी हजारो प्रेक्षकांना पडद्यावर घडविले. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सर्वांना परिचित आहेत. मात्र पुराणांतील अद्भुताला यंत्राच्या साह्याने दृश्यरूप देणारे कारागीर ही त्यांची ओळख काहीशी मागे पडली आहे.

त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. त्यामुळे रामायण, महाभारत आणि पुराणे यांचे संस्कार घरातच होते. या वाङ्मयात आकाशसंचाराला तोटा नाही. विश्वकर्म्याने घडविलेले पुष्पक विमान रावणाने कुबेराकडून हिरावून घेतले आणि रावणवधानंतर श्रीराम त्यातूनच अयोध्येला परतले, असे वाल्मीकी सांगतात. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात हाच प्रवास वर्णिताना विमानातून दिसणारा समुद्र आणि भूप्रदेश डोळ्यांसमोर उभा केला. महाभारतात शाल्वाचे आकाशात फिरणारे सौभ नगर आहे, तर अकराव्या शतकातील भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन येते.

मुलाने शास्त्री व्हावे, ही घरची अपेक्षा होती. धुंडिराजाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाचे काम मिळाले, कुटुंब मुंबईला आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजाने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, शिल्प, वास्तुकला आणि छायाचित्रण असे एकेक शास्त्र आत्मसात केले. रतलामला जाऊन तीन रंगांच्या छपाईसाठी ब्लॉक तयार करण्याची विद्याही त्यांनी मिळविली.

त्याच काळात मुंबईत पुराणातील विमानांचा वेगळ्या मार्गाने शोध घेणारे एक गृहस्थ होते. शिवकर बापूजी तळपदे यांचाही जे. जे. कलाशाळेशी संबंध होता. वेदांत विमानविद्या दडलेली आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी बांधलेले ‘मरुत्सखा’ हे विमान १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर उडाले, म्हणजे राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणाच्या आठ वर्षे आधी, अशी कथा आजही अभिमानाने सांगितली जाते. तिला विश्वासार्ह समकालीन पुराव्याचा आधार मात्र मिळालेला नाही. प्राचीन विमानविद्येचा पुरावा म्हणून दाखविल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये चिकित्सा केली. हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

फाळके यांनी पुराणकथेकडे पुरावा म्हणून पाहिले नाही. ती लोकांच्या मनात आधीच उडत होती. ती डोळ्यांना दिसावी कशी, एवढाच त्यांच्यापुढील प्रश्न होता. या प्रश्नापर्यंतची वाट सरळ नव्हती. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला, पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. त्यानंतर ते जादूगिरी शिकले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग करू लागले. पुढे पुरातत्त्व खात्यात त्यांनी छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ मध्ये ती नोकरीही सोडली आणि छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मा यांनी चितारलेल्या देवदेवता छापील चित्रांच्या रूपाने घराघरांत पोहोचत होत्या. त्या छपाईच्या कामात फाळके यांचाही हात लागला. १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन त्यांनी या कलेतील नवे ज्ञान आणले. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि चाललेला छापखाना त्यांनी सोडला.

अशा रिकामपणाच्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईतील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. सतत चित्रपट पाहून आणि रात्रंदिवस प्रयोग करून काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहून आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा मागवून ते एप्रिलमध्ये परतले. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई चित्रफितीला छिद्रे पाडण्यापासून कंपनीतील सर्वांचा स्वयंपाक करण्यापर्यंत प्रत्येक कामात उभ्या राहिल्या. दादर येथे तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला आणि इतिहास घडला.

त्याच वर्षी फाळके यांनी आपला व्यवसाय नाशिकला हलविला. पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई झाली आणि भांडवलही आटले. त्यातून सावरत त्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ पूर्ण केला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, तर गणपत शिंदे हनुमान झाले. हा हनुमान आकाशमार्गे जाताना पाहून प्रेक्षक थक्क होत, हात जोडत. तिकिटांच्या पैशांची नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागल्याच्या आठवणी सांगितल्या जातात.

या चमत्कारामागे मंत्र नव्हता, हिशेब होता. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवावा लागे. काळ्या पडद्यापुढे नटाचे चित्रण करायचे, हँडलचे फेरे मोजून फिल्म तेवढीच मागे न्यायची आणि तिच्यावरच पुन्हा दुसरे दृश्य घ्यायचे, अशी दुहेरी चित्रणाची युक्ती असे. एखाद्याला अदृश्य करायचे तर कॅमेरा थांबवून नटाला बाजूला करायचे आणि पुन्हा हँडल फिरवायचे. फेऱ्यांची मोजणी चुकली की सगळी मेहनत वाया जाई. जादूगार, छायाचित्रकार, मुद्रक आणि चित्रकार म्हणून शिकलेले सारे काही इथे एकवटले.

१९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि कन्या मंदाकिनीने बाळकृष्ण साकारलेला ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांनी लोकप्रियता मिळविली. पण खर्चाचा ताळेबंद मागणारे भागीदार आणि मनाजोगते काम होईपर्यंत न थांबणारे फाळके यांचे जमले नाही. राजीनामा देऊन ते काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि काही वर्षांनी परत येऊन पुन्हा त्याच कंपनीत काम करू लागले.

तोवर काळ पालटला होता. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी केलेला ‘गंगावतरण’ हा १९३७ मधील चित्रपट त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आणि अखेरची कलाकृती ठरला. गंगा शंकराच्या जटेतून पृथ्वीवर उतरल्याची ही कथा. ज्या ब्रह्मगिरीवर गोदावरीच्या रूपाने गंगा अवतरली असे त्र्यंबकेश्वरात मानले जाते, त्याच डोंगराच्या सावलीत फाळके जन्मले होते. मात्र संवाद आणि गाण्यांना सरावलेल्या प्रेक्षकांना या चमत्कारांचे पूर्वीसारखे अप्रूप उरले नव्हते. ज्या व्यवसायाचा पाया त्यांनी घातला, त्याच व्यवसायात त्यांना काम उरले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा गाठीशी फारसे काही नव्हते.

१९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील देशाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. ९० हून अधिक चित्रपटांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहेत. पी. के. नायर यांच्या प्रयत्नांतून ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’ यांचे काही भाग आणि ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाला. प्राचीन काळी विमाने होती की नव्हती, यावर वाद झडत असतात. फाळके यांनी तो वाद घातला नाही. परदेशी यंत्र नीट शिकून घेतले, त्याच्यापुढे आपली कथा ठेवली आणि हनुमानाला उडविले. ते उड्डाण कधी, कोठे आणि कोणी घडविले, याचा पुरावा चित्रफितीवर आहे.