विश्लेषण : गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडर यांचा आवाज आजचे डिजिटल मॉडेलर का शोधतात?

वीस-तीस किलोंचा अॅम्प्लिफायर उचलून नेण्याऐवजी आज अनेक गिटारवादक दप्तरात मावणारे डिजिटल उपकरण घेऊन कार्यक्रमाला जातात. अॅम्प मॉडेलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उपकरणात जुन्या, नावाजलेल्या अॅम्प्लिफायरच्या नकला साठवलेल्या असतात. ही यादी उघडली की त्यात ट्वीड, बासमन, डिलक्स, ट्विन यांचे अवतार हमखास सापडतात. हे सारे मूळ अॅम्प एकाच माणसाच्या कारखान्यातून बाहेर पडले. तो माणूस म्हणजे लिओ फेंडर. त्यांना गिटार वाजवता येत नव्हती आणि इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षणही त्यांनी कधी घेतले नव्हते. ज्या दोषावर मात करण्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तोच दोष हुबेहूब उतरवण्यासाठी आज संगणकाची ताकद खर्ची पडते आहे. हे कसे घडले, याविषयी…

रेडिओचे वेड कुठून लागले?

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. लिओ आठ वर्षांचे असताना डोळ्यात गाठ झाल्यामुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी काचेचा डोळा वापरला. सांता मारिया येथे त्यांच्या मामांचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. १९२२ मध्ये मामांनी रेडिओचे जुने सुटे भाग आणि एक बॅटरी असा खोका भाच्याला पाठवला. पुढच्याच वर्षी लिओ त्या दुकानात गेले, तेव्हा मामांनी स्वतः जोडलेला रेडिओ मोठ्या आवाजात सुरू होता. स्पीकरमधून उसळणारे ते संगीत त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. घरी परतल्यावर शेजारपाजारचे रेडिओ दुरुस्त करणे हा त्यांचा छंद झाला.

असे असले तरी कॉलेजात त्यांनी हिशेबनिसाचा अभ्यासक्रम निवडला. पुढे नोकऱ्याही जमाखर्चाच्याच मिळाल्या. एका स्थानिक वाद्यवृंदाच्या प्रमुखाने मागणी केल्यावर त्यांनी नृत्याच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिक्षेपक यंत्रणा बांधून दिल्या. पैसे मिळवून देणारे त्यांचे हे सुरुवातीचे इलेक्ट्रॉनिक काम.

नोकरी गेल्यानंतर काय झाले?

तिशीच्या दशकातील महामंदीत त्यांची राज्याच्या महामार्ग विभागातील नोकरी गेली. नंतर टायर कंपनीतली नोकरीही सुटली. १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्यांनी फुलर्टन शहरात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दुकानात रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर तर यायचेच, शिवाय वादक आपले बिघडलेले अॅम्पही घेऊन यायचे. कोणता भाग आधी जळतो, कोणती जोडणी सुटते आणि वादक कशाने वैतागतो, हे फेंडर यांना पुस्तकातून नव्हे, तर या दुरुस्तीच्या टेबलावर कळले.

हवाईयन गिटारवादक डॉक कॉफमन यांच्याबरोबर त्यांनी १९४५ च्या सुमारास के अँड एफ नावाने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि त्यासोबतचे छोटे अॅम्प बनवायला सुरुवात केली. व्यवसायाची जोखीम नको म्हणून कॉफमन बाजूला झाले आणि १९४६ मध्ये फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी उभी राहिली.

वाजवता येत नसताना गिटार कशी घडवली?

त्या काळच्या पोकळ गिटारचा आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारच्या पोटात शिरून किंचाळी फुटत असे. फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बनवून यावर उपाय शोधला. १९५० मध्ये आलेल्या एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटार त्याच धाटणीच्या होत्या. ब्रॉडकास्टरशी मिळतेजुळते नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमना असल्याने १९५१ मध्ये तिचे टेलिकास्टर असे नामकरण झाले. त्याच वर्षी प्रिसिजन बेस आला आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. टेलिकास्टरची मान चिकटवलेली नव्हती, स्क्रूने बसवलेली होती. बिघडली तर काढायची आणि दुसरी लावायची, हा दुरुस्ती करणाऱ्याचा विचार त्यामागे होता.

अॅम्पमध्येही हीच दृष्टी दिसते. सुटे भाग एका पट्टीवर ओळीने मांडलेले असत. कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो, याचा तक्ता पेटीच्या आत चिकटवलेला असे. सर्किटचे आराखडेही उपलब्ध होते. आज मॉडेलर बनवणाऱ्या अभियंत्यांना हेच आराखडे आयते हाती लागतात.

नमुना तयार झाला की फेंडर तो वादकांच्या हाती देत, क्लबमध्ये ऐकायला जात, तक्रारी टिपून घेत आणि परत येऊन बदल करत. त्यांच्या या पद्धतीत एक गंमतही घडून गेली. सुराची उंची हलवण्याला व्हायब्रॅटो आणि आवाजाची पातळी कमीजास्त करण्याला ट्रेमोलो म्हणतात. फेंडर यांनी गिटारवरील दांडीला ट्रेमोलो म्हटले आणि अॅम्पवरील परिणामाला व्हायब्रॅटो. ही अदलाबदल इतकी रुजली, की त्या अॅम्पच्या डिजिटल नकलांमध्येही ती दिसते.

फाटलेला आवाज हा दोष की गुण?

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला की तो फाटत असे. अॅम्पमध्येही तेच घडते. गिटारकडून येणारा क्षीण विद्युत संकेत व्हॉल्व्ह मोठा करतो, पण पुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे त्याला जाता येत नाही. मग लाटेची टोके छाटली जातात आणि मूळ सुरात नसलेल्या वरच्या पट्टीच्या कंपनांची भर पडते. व्हॉल्व्हमध्ये ही छाटणी एकदम होत नाही, हळूहळू होते. त्यामुळे हळू छेडलेली तार स्वच्छ ऐकू येते आणि जोरात छेडलेली खरखरते.

फेंडर यांच्या लेखी हा दोष होता. मोठ्या सभागृहातही स्वच्छ ऐकू येणारा अॅम्प त्यांना हवा होता. पन्नासच्या दशकातील ट्वीड कापड चढवलेल्या अॅम्पपासून १९६३ च्या ट्विन रिव्हर्बपर्यंतचा प्रवास म्हणजे जास्त ताकद आणि कमी फाटणे यांचा पाठपुरावा होता. सर्फ संगीताचे वादक डिक डेल यांच्या वाजवण्याने अॅम्प आणि स्पीकर जळू लागले, तेव्हा फेंडर यांनी त्यांच्यासाठी अधिक ताकदीचा अॅम्प आणि १५ इंची स्पीकर अशी जोडी तयार केली.

वादकांची पावले मात्र उलट्या दिशेने पडत होती. ब्लूज आणि रॉक वाजवणारी मंडळी फेंडरचे छोटे अॅम्प मुद्दाम पूर्ण आवाजावर लावत. त्यांना तो फाटण्याचा काठच हवा होता.

एकाच सर्किटचे दोन आवाज कसे?

१९५९ च्या सुमाराचा फेंडर बासमन खरे तर बेस गिटारसाठी होता. त्यात १० इंची चार स्पीकर होते आणि पेटीची मागची बाजू उघडी होती. १९६२ मध्ये लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानातील तंत्रज्ञांनी जवळजवळ तेच सर्किट उचलून आपला पहिला अॅम्प बांधला. त्यांनी काही भाग ब्रिटनमध्ये मिळणारे वापरले आणि १२ इंची स्पीकर बंद पेटीत बसवले. तेवढ्याने आवाजाचा स्वभाव बदलला आणि ब्रिटिश रॉकला स्वतःचा सूर सापडला. आवाज फक्त सर्किटमध्ये नसतो. स्पीकर आणि पेटीचाही त्यात मोठा वाटा असतो, हा त्यातला धडा. मॉडेलर वापरणारे नेमके तिथेच चुकतात.

कंपनी का विकली?

१९५५ पासून फेंडर यांना सायनसच्या संसर्गाने ग्रासले होते. औषधांचा गुण येईना. आपले फार दिवस उरले नाहीत, अशी त्यांची समजूत झाली आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतर त्यांनी डॉक्टर बदलला आणि आजार बरा झाला. तोवर कंपनी गेली होती आणि वाद्यांवर आडनाव लावण्याचा हक्कही तिच्यासोबत गेला होता. पुढच्या काळात सीबीएसच्या वाद्यांचा दर्जा घसरल्याची ओरड वादक करू लागले आणि १९६५ पूर्वीच्या फेंडरला जुन्या ठेवणीच्या ऐवजाचे मोल आले.

काही वर्षे सल्लागार राहिल्यानंतर फेंडर पुन्हा कामाला लागले. सत्तरच्या दशकात म्युझिक मॅन आणि नंतर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासोबत जी अँड एल या कंपन्यांसाठी त्यांनी वाद्ये घडवली. पार्किन्सनने शरीर थकले, तरी त्यांचे कार्यशाळेत जाणे थांबले नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९९८ मध्ये, लाइन सिक्स कंपनीचा पॉड हा छोटा डिजिटल मॉडेलर बाजारात आला.

डिजिटल नक्कल कशी होते?

गिटारचा संकेत सेकंदाला ४८ हजार वेळा मोजून आकड्यांत बदलला जातो आणि त्यावर गणित चालते. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत सर्किटचा आराखडा घेऊन प्रत्येक व्हॉल्व्ह, रोधक आणि संधारकाचे वर्तन समीकरणांत मांडले जाते. दुसरीत खऱ्या अॅम्पमध्ये ठरावीक संकेत सोडून बाहेर काय येते ते नोंदवले जाते आणि न्यूरल नेटवर्क तो फरक शिकते. पहिलीत सगळे नॉब फिरवता येतात. दुसरी पद्धत बहुतेकदा नॉबच्या एकाच स्थितीचा फोटो असते.

खरी कसोटी बारकाव्यांत लागते. डिलक्स रिव्हर्बमध्ये वीजपुरवठ्यासाठीही व्हॉल्व्ह वापरला जाई. तार जोरात छेडली की व्होल्टेज क्षणभर खाली येते, सूर दबतो आणि पुन्हा फुलतो. बोटांना जाणवणारा हा लवचिकपणा गणितात आणला नाही, तर नक्कल निर्जीव वाटते. शिवाय लाटेची टोके छाटताना तयार होणारी अतिउच्च कंपने ४८ हजारांच्या मोजणीत मावत नाहीत आणि खोटे, बेसूर स्वर होऊन परततात. ते टाळण्यासाठी हे गणित कित्येक पट वेगाने करावे लागते. तेही वादकाला उशीर जाणवू न देता. एका मिलिसेकंदात आवाज सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तीन मिलिसेकंदांचा उशीर हा अॅम्पपासून मीटरभर लांब उभे राहण्यासारखा आहे.

खऱ्यासारखा आवाज हवा असेल तर?

पहिली गोष्ट म्हणजे स्पीकर. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो. स्पीकर आणि पेटीची नक्कल बंद ठेवली, तर उत्तम मॉडेलरही डासासारखा गुणगुणतो. ही नक्कल इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या छोट्या ध्वनिफितीतून येते. त्यात माइकची जागाही बंदिस्त असते. माइक स्पीकरच्या मध्याजवळ असेल तर आवाज धारदार, कडेला असेल तर मऊ. त्यामुळे आवाज आवडला नाही, तर आधी ही फाइल बदलून पाहावी, अॅम्प नंतर.

दुसरी, गेन वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब वापरावा. फेंडरच्या जुन्या अॅम्पमध्ये स्वच्छ आणि फाटलेला आवाज यांतले अंतर वादकाच्या हातात असे. तिसरी, ज्या पातळीवर वाजवायचे त्याच पातळीवर आवाज जुळवावा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून रात्री हेडफोनवर जमलेला आवाज मंचावर घुमतो. चौथी, गिटारची तार उच्च रोधाच्या, म्हणजे सुमारे एक मेगाओहमच्या इनपुटलाच जोडावी. नाहीतर वरचे स्वर सुरुवातीलाच मरतात.

मग व्हॉल्व्हचे दिवस संपले का?

२०१९ मध्ये खुद्द फेंडर कंपनीने टोन मास्टर मालिकेत ट्विन आणि डिलक्स रिव्हर्बचे डिजिटल अवतार आणले. व्हॉल्व्हचा ट्विन सुमारे २९ किलोंचा, तर डिजिटल ट्विन सुमारे १५ किलोंचा. मूळ डिलक्स २२ वॅटचा, पण डिजिटल डिलक्समध्ये १०० वॅटची यंत्रणा आहे. जास्तीची ताकद आवाज वाढवण्यासाठी नाही. २२ वॅटचा अॅम्प दमताना कसा दबतो आणि कुठे फाटतो, हे स्वतः न फाटता दाखवता यावे, यासाठी ती राखीव ठेवली आहे.

ताकद वाढवून फाटणे टाळायचे, हे फेंडर यांचेच सूत्र होते. आता त्याच सूत्राने त्यांच्या अॅम्पचा दोष जपला जात आहे. मॉडेलरचा पडदा पाहून गोंधळलेल्या नवख्यासाठी त्यांची पद्धत आजही उपयोगी आहे. यादीतील नावांवर जाऊ नये. काय खटकते ते नेमके ऐकावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा ऐकावे. फुलर्टनच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या रेडिओपासून स्ट्रॅटोकास्टरपर्यंत ते हेच करत आले.