रँडी ऱ्होड्स : वादक आणि विद्यार्थी

‘हेवी मेटल’ ह्या नावाने ओळखले जाणारे पाश्चात्य संगीत आमच्या वाचकांपैकी पुष्कळ पालकांस कर्णकटू वाटत असेल, आणि कित्येक विद्यार्थ्यांस ते अत्यंत प्रिय असेल. ह्या कारणाने घरोघर जो लहानसा तंटा चालतो, त्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. परंतु त्या संगीताच्या इतिहासात एक तरुण असा होऊन गेला की, त्याचे चरित्र उभय पक्षांनी शांत चित्ताने वाचावे. त्याचे आयुष्य अवघे पंचवीस वर्षांचे. तथापि त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे.

रँडॉल विल्यम ऱ्होड्स ह्याचा जन्म ता. ६ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानात सांता मोनिका ह्या गावी झाला. तीन भावंडांत तो धाकटा. तो दीड वर्षाचाही झाला नव्हता तोच वडील घर सोडून गेले व संसाराचा सर्व भार मातोश्री डेलोरेसबाई ह्यांच्या शिरावर पडला. ह्या बाई संगीतात प्रवीण होत्या. नॉर्थ हॉलिवूड येथे ‘म्युझोनिया’ नावाची संगीतशाळा त्या चालवीत असत व तिच्याच उत्पन्नावर तिन्ही मुले वाढली. शाळा संगीताची खरी, पण घरी गाणी ऐकण्याचे यंत्र मात्र नव्हते. संगीत हवे असेल तर मुलांनी ते स्वतः निर्माण करावे, असा त्या घरचा परिपाठ झाला.

सातव्या वर्षाच्या सुमारास रँडी आईच्याच शाळेत गिटार शिकू लागला. आजोबांची एक जुनी गिटार घरी होती, तीच त्याने प्रथम हाती धरली. स्वरशास्त्राची समज यावी म्हणून आईने त्यास पियानोचेही धडे दिले. पुढे विजेच्या गिटारीचा त्यास छंद लागला, तेव्हा त्या शाळेतील एका शिक्षकाकडे त्याची शिकवणी सुरू झाली. काही काळाने ते शिक्षक डेलोरेसबाईंकडे गेले व आपल्याजवळचे सर्व ह्या मुलाने घेतले असून ह्यापुढे त्यास शिकविण्याजोगे आपणापाशी काही उरले नाही, असे त्यांनी मोकळ्या मनाने सांगितले. आम्ही शिक्षकवर्गातील लोक असल्यामुळे ह्या प्रसंगी आम्हांस शिष्याइतकेच त्या गुरूचेही कौतुक वाटते.

शाळकरी वयातच रँडीने आपला मित्र केली गार्नी ह्याच्यासह वादकांचा ताफा जमविला. पुढे केव्हिन डुब्रो हा गायक व ड्रू फोर्सिथ हा ड्रमवादक त्यांस मिळाले आणि १९७५ साली त्या ताफ्याने ‘क्वायट रायट’ हे नाव धारण केले. लॉस एंजेलिस शहरात त्यांच्या कार्यक्रमांस तरुणांची गर्दी लोटू लागली. पण अमेरिकेतील एकही ध्वनिमुद्रिका कंपनी त्यांस आश्रय देईना. १९७८ साल संपेपर्यंत त्यांच्या दोन मुद्रिका निघाल्या, त्या केवळ जपानात. स्वदेशी वाहवा पुष्कळ, परंतु पदरी काही नाही, अशी त्यांची स्थिती होती.

ह्या वर्षांत रँडीचा चरितार्थ कशावर चालला? तो रात्री रंगमंचावर वाजवी आणि दिवसा म्युझोनियात मुलांस गिटार शिकवी. शिकविण्याने आपले वादन सुधारले, अशी त्याची धारणा होती. शिष्यास एखादी गत उलगडून दाखवावयाची तर ती प्रथम स्वतःस नीट उमगली पाहिजे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो.

१९७९ साली त्याचे दैव पालटले. ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या प्रख्यात इंग्रज ताफ्यातून ऑझी ऑस्बर्न हा गायक बाहेर पडला होता व नव्या गिटारवादकाच्या शोधात होता. त्याने रँडीची निवड केली. रँडी इंग्लंडास गेला, आणि सरे परगण्यातील एका ध्वनिमुद्रणगृहात १९८० साली ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ ही मुद्रिका तयार झाली. १९८१ साली ‘डायरी ऑफ अ मॅडमॅन’ ही दुसरी प्रसिद्ध झाली. विजेच्या गिटारीच्या गर्जनेत युरोपीय शास्त्रीय संगीतातील स्वरपंक्ती व अलंकार गुंफावयाचे, ही त्याची विशेष कला. एखादी अवघड गत मुद्रित करताना ती तो दोनदोन, तीनतीन वेळा सुरासुराने तशीच वाजवी, आणि ते सर्व थर एकावर एक बसविले जात. बोट किंचित चुकले तरी थर जुळत नाहीत. तेव्हा त्याची तयारी केवढी असेल, ह्याची कल्पना करावी. पहिल्या मुद्रिकेत सर्व गोंगाटाच्या मध्ये एक लहानशी, शांत शास्त्रीय गत आहे. ‘डी’ हे तिचे नाव. ती त्याने आपल्या आईस अर्पण केली.

त्या ताफ्याभोवतालचे जीवन आदर्श होते, असे आम्ही म्हणणार नाही. ऑस्बर्न मद्याच्या पूर्ण आहारी गेला होता. जानेवारी १९८२ मध्ये डि मॉइन येथे त्याने रंगमंचावर वटवाघळाचे डोके दातांनी तोडल्याची वार्ता जगभर पसरली. रँडीसही धूम्रपानाची सवय होती. परंतु ह्या धामधुमीत त्याचा वेळ कशात जाई, हे पाहिले पाहिजे. दौऱ्यात ज्या गावी मुक्काम पडे तेथे तो शास्त्रीय गिटारीचा शिक्षक शोधून काढी व सामान्य विद्यार्थ्याप्रमाणे त्याजपुढे बसून धडा घेई. डिसेंबर १९८१ मध्ये ‘गिटार प्लेयर’ मासिकाने नवोदितांत त्यास अग्रमान दिला, आणि त्याच सुमारास हा सर्व थाट सोडून विश्वविद्यालयात शास्त्रीय गिटारीची पदवी घेण्याचा विचार त्याच्या मनात घोळत होता. कीर्ती हाती आली असता पुन्हा वर्गातील बाकावर जाऊन बसण्याची इच्छा धरणे, हे सोपे नव्हे.

ती इच्छा पुरी व्हावयाची नव्हती. ता. १८ मार्च १९८२ रोजी टेनेसी संस्थानातील नॉक्सव्हिल येथे त्याने अखेरचे वादन केले. तेथून ऑरलँडोकडे जाताना त्यांची बस फ्लॉरिडातील लीसबर्ग येथे थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या चालकाने तेथील एक लहान विमान परवानगीवाचून बाहेर काढले. रँडीस विमानाची भीती वाटे; तरी आईकरिता वरून छायाचित्रे काढावी म्हणून तो ताफ्यातील एका वयस्क बाईसमवेत त्यात बसला. चालकाने थट्टेखातर विमान बसच्या अगदी वरून नेले. पंख बसला घासला, विमान झाडावर आदळून एका घरावर कोसळले, व तिघेही तत्काळ मृत्यू पावले. चालकाच्या शरीरात कोकेन सापडले. रँडीच्या शरीरात निकोटिनावाचून काही आढळले नाही. बरबँक येथील लूथरन मंदिरात उपासना होऊन सॅन बर्नार्डिनो येथे त्याचा देह मातीस मिळाला.

पुढे डुब्रोने ‘क्वायट रायट’ पुन्हा उभी केली. तिची ‘मेटल हेल्थ’ ही मुद्रिका नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ सूचीत पहिल्या क्रमांकावर चढली. हेवी मेटलला असा मान प्रथमच मिळाला. तीतील एक गीत रँडीच्या स्मृतीस वाहिलेले आहे. २०२१ साली क्लीव्हलंड येथील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ ह्या संस्थेने त्याच्या वादनाचा गौरव केला. आणि डेलोरेसबाई? पोटचा पुत्र गेला तरी त्या माउलीने आपली शाळा मिटली नाही. इतरांची मुले त्या शिकवीत राहिल्या. २०१५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्या प्रभूच्या भेटीस गेल्या.

विद्यार्थी मित्रहो, रँडीसारखे वाजवावे असे तुम्हांपैकी कोणास वाटत असेल, तर त्याच्या केशभूषेपेक्षा त्याचा सराव पाहा. धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट तुम्ही शिकला आहा. ह्या तरुणाने ते पुरले नाही, अखेरच्या दिवसापर्यंत वाढवीत नेले. आणि दुसरेही ध्यानात ठेवा : जो क्षणाच्या मौजेकरिता इतरांचा जीव धोक्यात घालतो, त्याच्या हाती आपला जीव देऊ नये, मन कचरत असेल तर स्पष्ट नकार द्यावा. पालकांस आमची इतकीच विनंती की, मुलाच्या खोलीतून येणारा आवाज असह्य झाला तर दार ठोठावण्यापूर्वी थोडे थांबून ऐकावे. त्या गोंगाटात आईकरिता रचलेली एखादी शांत गतही असू शकेल.