पॅकअपनंतरचे फाळके

गॅदरिंगसाठी, एखाद्या फेस्टिव्हलसाठी किंवा नुसती हौस म्हणून शॉर्टफिल्म करणारा एक तरी ग्रुप आता प्रत्येक कॉलेजात असतोच. पाटणादेवीच्या जंगलात दोन दिवस शूटिंग होतं, सेटवरचे फोटो स्टेटसला लागतात, पॅकअपच्या दिवशी वडापाव पार्टी होते. मग महिना जातो, दोन महिने जातात. भो, पिक्चर कधी दाखवतो, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : एडिटिंग चालू आहे. काही फिल्मचं एडिटिंग डिग्री मिळाली तरी चालूच असतं.

शूटिंगनंतरच्या या कामाला आज पोस्ट-प्रॉडक्शन म्हणतात. एडिटिंग, साउंड, डबिंग, कलर, टायटल्स, व्हीएफएक्स आणि शेवटी फायनल कॉपी असा तो सगळा पसारा. टीव्ही मालिकांमध्ये आणि सिनेमात हा पसारा वेळेत आणि पैशात बसवण्यासाठी पगारी माणूस ठेवतात, त्याला पोस्ट-प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणतात. पण आपल्याकडे हे काम पहिल्यांदा झालं तेव्हा ना हे नाव होतं, ना स्टुडिओ, ना शिकवणारं कोणी. ते झालं दादरच्या एका राहत्या घरात, रात्रीच्या अंधारात. करणारे होते धुंडिराज गोविंद फाळके आणि त्यांची पत्नी सरस्वतीबाई.

दादासाहेबांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो : पहिला चित्रपट, बाईच्या भूमिकेत पुरुष, विकलेले दागिने. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ अनेकांनी पाहिलाय. आज जरा वेगळ्या बाजूने बघू. कॅमेरा बंद झाल्यावर हा माणूस काय करायचा?

तयारी वीस वर्षांची

फाळकेंचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे आपल्या चाळीसगावहून मनमाडमार्गे नाशिकला उतरलं की तासाभराच्या अंतरावर. वडील संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. 1885 मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि नंतर ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे फोटोग्राफी शिकले. पुढे रतलामला जाऊन तीन रंगांच्या छपाईचे ब्लॉक कसे करायचे, फोटोवरून छपाईची प्लेट कशी तयार करायची, हे तंत्र आत्मसात केलं.

मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने घाला घातला. पहिली पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओ बंद पडला. 1902 मध्ये दुसरं लग्न झालं. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं असलेल्या घरातली कावेरी करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई फाळके झाली. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

फाळके काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते. स्वदेशीच्या वाऱ्यात नोकरी सोडली आणि छापखाना काढला. आधुनिक यंत्रं आणायला 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी बिनसलं आणि फाळके हात झटकून बाहेर पडले.

चाळिशीला आलेला, नोकरी नाही, धंदा नाही, असा हा माणूस. वरवर बघितलं तर सगळं फिसकटलेलं. पण नीट बघा, हाताशी काय होतं? डार्करूम, रसायनं, निगेटिव्ह, प्रिंट, रंग, यंत्रं. पुढे सिनेमाला जे लागणार होतं, त्यातलं निम्मं शिक्षण आधीच झालेलं होतं.

मटाराचा वेल

गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात एकच विचार घुसला : आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का नाहीत? मग रोज सिनेमे बघणं सुरू झालं. दिवसा प्रयोग, संध्याकाळी थिएटर, झोप नावापुरती. डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासंच झालं. औषधोपचार आणि चष्म्यांच्या जोरावर दृष्टी परत आली आणि ते पुन्हा कामाला लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांशी ओळख काढली आणि त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत शिरकाव केला. चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतचं काम डोळ्यांखालून घातलं. येताना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची ऑर्डर दिली, आणि आणखी एक यंत्र घेतलं, फिल्मच्या कडांना छिद्रं पाडण्याचं. या छोट्या यंत्राने घराची झोप उडवली. त्याकडे येतोच.

परत आल्यावर पैसे लावायला कोण तयार होणार? फाळकेंनी कुंडीत मटार पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फ्रेम घेत गेले. पडद्यावर मिनिटभरात बी अंकुरलं आणि वेल वर चढला. आज आपण याला टाइमलॅप्स म्हणतो आणि मोबाइलचं बटण दाबतो. ही फिल्म बघून कर्ज देणारे सापडले. तरी पैसे अपुरे पडले, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने बाहेर निघाले.

पावणेपाच लाख छिद्रं

‘राजा हरिश्चंद्र’चं शूटिंग कसं झालं हे बहुतेकांना माहीत आहे. तारामती व्हायला बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंखे या तरुणाला साडी नेसवली. वांगणीला बाहेरचं शूटिंग करायला गेले तर भाले-तलवारी बघून गावकऱ्यांना दरोडेखोर वाटले आणि फौजदारापर्यंत तक्रार गेली. फाळकेंनी त्याची खात्री पटवायला एक प्रसंग करून दाखवला, पण कॅमेऱ्यात फिल्म न भरता. कोरी फिल्म विलायतेहून यायची. ती पटवापटवीसाठी खर्च करायची ऐपत नव्हती.

आता रात्रीची पाळी. त्या काळी कोरी फिल्म सरळ पट्टीसारखी यायची, कडेला छिद्रं नसायची. छिद्रं नसली तर कॅमेऱ्याच्या दातांना फिल्म पुढे ओढता येत नाही. म्हणजे शूटिंगच्या आधीच अंधाऱ्या खोलीत बसून ती पाडायची. गणित करून बघा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम. प्रत्येक फ्रेमला एका बाजूला चार, दोन्ही बाजूंना मिळून आठ छिद्रं. ‘राजा हरिश्चंद्र’ होता सुमारे 3700 फूट. म्हणजे 59 हजारांवर फ्रेम आणि पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रं. हे एकाच प्रतीचं झालं. शूट होणाऱ्या निगेटिव्हला छिद्रं लागतात, तशी पडद्यावर जाणाऱ्या पॉझिटिव्हलाही लागतात. एक छिद्र जरी इकडचं तिकडे झालं, तरी चित्र थरथरतं किंवा फिल्म फाटते.

हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. त्या फिल्मला छिद्रं पाडायच्या, रसायनांची मापं घ्यायच्या, फिल्म धुवायला हात लावायच्या. दिवसा शूटिंग असेल तेव्हा कलाकारांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहायच्या. आणि हो, सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. पदरात लहान मुलं होती, हे वेगळंच.

फिल्म धुणं म्हणजे कपडे धुणं नव्हे. आधी चित्र उमटवणारं रसायन, मग ते पक्कं करणारं, मग भरपूर स्वच्छ पाणी, मग धूळ न लागू देता वाळवणं. रसायन गरम झालं तर चित्र काळं पडतं, घाई केली तर डाग राहतात. इथे अनडू नाही. एक रीळ बिघडलं तर त्या दिवसाचं शूटिंग, कलाकारांची मेहनत आणि कर्जाचा एक तुकडा पाण्यात.

आपल्या गावात केकी मूस यांचं कलादालन पाहिलं असेल, तर हे पटकन कळेल. मूस जन्मले 1912 मध्ये, म्हणजे फाळके लंडनला गेले त्याच वर्षी. चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून त्यांनी जगभर नाव कमावलं, ते कॅमेऱ्याच्या आधीच्या मांडणीवर आणि नंतरच्या डार्करूमवर. फोटो काढणं हा मधला एक क्षण. त्याच्या मागेपुढेच सगळी मेहनत.

फाळकेंच्या घरी मात्र शिस्त होती. दिवसा शूट झालेलं रात्री धुवायचं. त्यामुळे चूक कळायची ती कलाकार, कपडे, सेट सगळं हाताशी असताना. आजच्या युनिटमध्ये रोजचं फुटेज रोज बघतात, ते यासाठीच. आपल्याकडे फुटेज उघडून बघितलं जातं पंधरा दिवसांनी, आणि तेव्हा कळतं की हिरोने तोवर केस कापलेत.

मग जोडणी. एडिटिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे कात्री, चिकटवण्याचं द्रावण आणि स्वतःचे डोळे, तेही एकदा गेलेले. निगेटिव्ह कापायची म्हणजे कायमची कापायची. संवाद ऐकू येणार नाहीत म्हणून हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेल्या पाट्या मधे मधे जोडायच्या. सहा महिने सत्तावीस दिवसांत चार रिळं उभी राहिली. 21 एप्रिल 1913 ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. लोकांनी तो उचलून धरला.

काम वाढलं, माणूस एकटा पडला

त्याच वर्षी फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आले. 1914 मध्ये ते चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे काम करण्याचं आमंत्रण मिळालं, ते न स्वीकारता परतले. पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि पैसा आटला. तरी 1917 मध्ये ‘लंकादहन’ने इतका गल्ला केला की नाण्यांची पोती बैलगाडीतून न्यावी लागल्याचं सांगतात.

त्याच सुमारास त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक माहितीपट केला. त्यात दिग्दर्शन दिसतं, तशी फिल्मवरची नंतरची कामंही दिसतात. आजच्या भाषेत बिहाइंड द सीन्स. मागच्या खोलीतलं काम लोकांना दाखवावंसं वाटणारा हा माणूस होता.

1918 मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ याच काळातले. ‘कालियामर्दन’मधला बाळकृष्ण म्हणजे फाळकेंची लेक मंदाकिनी. पण घरातली टीम जाऊन आता हिशेब, मुदती आणि भागीदारांची मतं आली. खर्च किती, वेळ किती, यावरून खटके उडू लागले. वैतागून फाळके काशीला निघून गेले, नाटक लिहिलं, काही काळाने परत आले. जुनी घडी मात्र बसली नाही.

इथे त्यांची बाजू घेऊन मोकळं होणं सोपं आहे. पण भागीदारांचे पैसे अडकलेले होते, हेही खरं. घरात बारा कामं एकट्याच्या डोक्यात बसतात. कंपनी झाली की ती कागदावर यावी लागतात : कोणतं काम कोण, कधीपर्यंत आणि किती रुपयांत करणार. फाळकेंना सगळं स्वतः बघायची सवय होती, आणि ती सवय जिने त्यांना मोठं केलं, तीच पुढे अडचणीची ठरली.

आवाजाची लाट

14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळकेंचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून सुरू झाला होता. 1932 मध्ये तयार झाला तोवर बाजार पालटलेला. शेवटी त्याला मागाहून आवाज जोडून तो 1934 मध्ये पुन्हा आणावा लागला. ज्या चित्रपटात ओठ संवादासाठी हललेच नाहीत, त्याला आवाज बसवायचा! शिवाय मूकपट साधारण सेकंदाला 16 ते 18 फ्रेमने काढत, बोलपट 24 फ्रेमने चालतो. जुनं चित्र नव्या वेगाला धावपळ केल्यासारखं दिसतं. शेवटाचा फॉरमॅट आधी ठरला नाही तर काय होतं, याचं हे मोठं महागडं उदाहरण.

1937 मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. वय 67. नंतरची वर्षं नाशिकला, हलाखीत गेली. 16 फेब्रुवारी 1944 ला दादासाहेब गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून दिला जातो.

90 हून अधिक चित्रपट आणि पंचवीसेक लघुपट केलेल्या या माणसाचं आज फार थोडं शिल्लक आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची, नाहीतर सडून जायची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’ची आहेत ती पहिलं आणि शेवटचं रीळ. मधली दोन नाहीत.

तेव्हा पुढच्या शॉर्टफिल्मचं प्लॅनिंग कराल तेव्हा शूटिंगच्या तारखेआधी चार गोष्टी वहीत लिहा. एडिट कोण करणार आणि कोणत्या तारखेला देणार. रोजचं फुटेज रात्री कोण बघणार. फिल्म शेवटी मोबाइलवर दिसणार की हॉलमध्ये. आणि दुसरी कॉपी कोणाच्या घरी राहणार. यातलं काम जी मुलगी किंवा जो मुलगा रात्र रात्र जागून करेल, त्याचं नाव टायटल्समध्ये ठळक टाका. सरस्वतीबाईंची ओळख व्हायला आपल्याला बराच उशीर लागला आहे.