चिखलातला सायकलस्वार : युजेन क्रिस्तोफ

सायकल हे आपल्याकडे वाहन आहे, खेळ नव्हे. दुधाचे कॅन, गवताचा भारा, शाळेत जाणारी दोन पोरे आणि प्रसंगी आजारी माणूससुद्धा ती मुकाट्याने वाहून नेते. तिच्यावर बसून शर्यत खेळायची, आणि तीही सडकेवर नव्हे तर वावरातून, चिखलातून, नाला ओलांडून खेळायची, असे कोणी आपल्या वऱ्हाडात सांगितले तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहील आणि मग घरी सर्व ठीक आहे ना, अशी चौकशी करील. तरी हा खेळ जगात आहे आणि त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. सायक्लोक्रॉस हे त्याचे नाव. युरोपात सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे पाऊस, धुके आणि बर्फ यांच्या दिवसांत, त्याचा हंगाम चालतो. दोन-तीन किलोमीटरांचा फेरा आखलेला असतो. त्यात गवत, वाळू, चढण आणि मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्या असतात. जिथे सायकल चालत नाही तिथे स्वाराने उडी टाकून उतरायचे, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचे. तासाभराच्या शर्यतीत माणूस सायकलवर जितका बसतो त्याच्या मानाने सायकल माणसावर बरीच बसते, असे गमतीने म्हणता येईल.

या खेळाचा उगम फ्रान्समधला. दानिएल गूसो नावाच्या एका सैनिकाला त्याचा जनक मानतात. १९०२ साली त्याच्या प्रयत्नाने फ्रान्सची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. उन्हाळ्यात सडकेवरच्या शर्यती खेळणाऱ्यांना हिवाळ्यात अंग गरम ठेवण्याचे हे साधन होते. पुढे १९१० साली ऑक्ताव्ह लापीझ याने टूर द फ्रान्स ही सर्वांत मोठी शर्यत जिंकली आणि आपल्या तयारीचे श्रेय हिवाळ्यातल्या या चिखलखेळाला दिले, तेव्हा त्याची कीर्ती झाली. परंतु मला ज्या माणसाविषयी लिहायचे आहे तो लापीझ नव्हे. या खेळाचे फ्रान्सचे अजिंक्यपद १९०९ पासून १९१४ पर्यंत ओळीने सहा वर्षे आणि महायुद्धानंतर १९२१ साली पुन्हा एकदा ज्याने मिळवले तो युजेन क्रिस्तोफ हा माझा नायक आहे. टूर द फ्रान्स त्याला कधीच जिंकता आली नाही. त्याचे चरित्र मला लिहावेसे वाटते ते बरेचसे याच कारणाने.

क्रिस्तोफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसला लागून असलेल्या मालाकोफ या वस्तीत झाला. घरची स्थिती साधारण. पोरवयातच तो कुलुपे आणि लोखंडी कामाच्या धंद्यात शिरला. कानस कशी धरावी, लोखंड किती लाल झाले म्हणजे ठोकावे, हे त्याच्या हाताला माहीत झाले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी तिचाच उपयोग होणार आहे. १९०४ च्या सुमारास तो धंदेवाईक स्वारांत सामील झाला आणि १९०६ साली टूरमध्ये नववा आला. मिशा राखलेल्या या सडपातळ गड्याला लोक पुढे ‘म्हातारा गॉल’ म्हणू लागले. गॉल म्हणजे फ्रान्सचे प्राचीन रहिवासी.

१९१० च्या एप्रिल महिन्यात इटलीत मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरांची शर्यत होती. वसंत ऋतू सुरू झालेला. पण त्या दिवशी तुर्कीनो घाटात बर्फ पडले. क्रिस्तोफचे हातपाय बधिर झाले. वाटेतल्या एका खाणावळीत त्याला आसरा मिळाला, अंगात थोडी ऊब आली आणि तो पुन्हा सायकलवर बसला. आपण कितवे आहोत याची कल्पना नसताना तो सान रेमोला पहिला पोहोचला. साठांहून अधिक स्वार निघाले होते. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके शेवटपर्यंत टिकले. या विजयाची किंमत मोठी होती. महिनाभर इस्पितळात काढावा लागला आणि प्रकृती पूर्ववत व्हायला दोन वर्षे लागली. नवलाची गोष्ट अशी की, या आजारपणाच्या काळातही हिवाळी अजिंक्यपद त्याने सोडले नाही. १९११ आणि १९१२ ची नोंद पाहा, तिथे त्याचेच नाव आहे.

माझ्या मते याचे उत्तर चिखलातच आहे. इथे थोडे स्वतःविषयी लिहिले तर वाचकांनी क्षमा करावी. माझे गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही चार मित्र, त्यातला एक अकोल्याचा, रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पांदणीत साध्या सायकलींवर शर्यत लावीत असू. मारुतीच्या देवळापासून निघायचे, पांदणीने नाल्यापर्यंत जायचे, सायकल खांद्यावर घेऊन नाला चढायचा, धुऱ्याने वळसा घालून परत यायचे; असे चार फेरे. बक्षीस म्हणजे हरलेल्यांच्या पैशाने चहा आणि आलूबोंडा. त्या साली अवकाळी पाऊस झाला होता आणि ज्याने आपली काळी जमीन ओली असताना तुडवली आहे त्याला पुढचे सांगायला नको. माती चाकाला धरते, मडगार्डात भरते आणि चाक जागच्या जागी अडकते. आम्ही मडगार्डे काढून टाकली. वीस किलोंच्या आसपासची सायकल, त्यावर चार-पाच किलो माती. खांद्यावरचे वळ बुधवारपर्यंत दुखत. पहिल्या दोन रविवारी मला फक्त धाप आठवते. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मात्र लक्षात आले की, इथे सर्वांत वेगवान असतो तो जिंकतोच असे नाही. चाक अडकायच्या दोन हात आधी जो उतरतो आणि पाय जमिनीला लागताच पळू लागतो, तो पुढे जातो. अडल्यावर थांबून विचार करण्याची सवयच मोडावी लागते. ज्याने ही विद्या सात अजिंक्यपदे मिळण्याइतकी अंगी बाणवली होती त्याने बर्फात बधिर हातांनी पुढे जावे, यात मग मला फारसा चमत्कार वाटत नाही.

१९१२ ची टूर हा क्रिस्तोफवरचा पहिला अन्याय म्हणता येईल. त्या वर्षी त्याने ओळीने तीन टप्पे जिंकले. त्यांतल्या शामोनी ते ग्रनोबल या टप्प्यात तो ३१५ किलोमीटर एकटा पुढे होता. अमरावतीहून अकोला, तेथून परत अमरावती आणि पुन्हा अकोला. इतके करूनही थोडे अंतर उरते. आणि मध्ये आल्प्स पर्वत! परंतु त्या काळी निकाल वेळेवर नव्हे तर गुणांवर लागत असे. बेल्जियमच्या ओदिल दफ्रेला त्याच्या देशबांधवांनी साथ दिली, तो पहिला आणि क्रिस्तोफ दुसरा आला. एकूण वेळ मोजली असती तर शेवटच्या टप्प्यापर्यंत तोच पुढे होता.

पुढच्या वर्षी नियम बदलला आणि वेळ मोजली जाऊ लागली. १९१३ चा जुलै महिना. सहावा टप्पा बायोन ते लुशों, ३२६ किलोमीटर, पिरनीज पर्वतातून. सकाळी क्रिस्तोफ एकूण क्रमात दुसरा होता. पहिला दफ्रे वाटेतच गळाला. तुर्माले हा घाट २११५ मीटर उंचीचा आहे, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. क्रिस्तोफ तिथे फिलिप तीसच्या मागोमाग पोहोचला. टूर त्याच्या हातात आली होती. उतार सुरू झाला आणि त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला.

त्या वेळचा नियम असा की, स्वाराने आपली सायकल आपणच दुरुस्त करायची. दुसरी घ्यायची नाही, कोणाची मदत घ्यायची नाही. शर्यतीचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज यांना माणसाची कसोटी हवी होती. यंत्राची किंवा कारखानदारांच्या पैशाची नव्हे. तत्त्व म्हणून हे उदात्तच आहे. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून जास्त डोंगरउतार पायी तुडवला. मागचे स्वार एकेक करून पुढे जात होते आणि तो संतापाने रडत होता. खाली सँत-मारी-द-कांपां हे खेडे लागले. एका मुलीने त्याला गावच्या लोहाराकडे नेले. लोहाराचे नाव लकोंत. त्याने काम करायची तयारी दाखवली, पण सोबतचे पंच आडवे उभे होते. तेव्हा मालाकोफचा तो जुना लोखंडी कारागीर स्वतः भट्टीपाशी गेला. लोखंडी नळी घेतली, तापवली, ठोकली, जोडली. लोहाराने फक्त तोंडाने सांगायचे. एका हाती काम, एका हाती भाता हे जमेना, म्हणून तिथल्या एका लहान पोराने भाता हलवला. पंचांनी ते टिपून घेतले आणि क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड ठोठावला!

आपल्या खेड्यातला लोहार ज्याने कामावर पाहिला आहे त्याला या दंडाचा अर्थ नीट कळेल. भट्टीवर एकटा माणूस कधीच नसतो. एक सांडशीत लोखंड धरतो, दुसरा घण मारतो, भात्यावर घरचे पोर किंवा बायको असते. पंच ज्याला मदत म्हणत होते, ती भट्टीची साधी रीत होती. दंड पुढे तीन मिनिटांवर आला, पण तो रद्द झाला नाही, आणि मला वाटते खरा डाग तिथेच आहे. दहा असोत की तीन, जवळजवळ चार तास गमावलेल्या माणसाला त्यांनी काहीच फरक पडणार नव्हता. मग तो लावला कशासाठी? नियम आपला आहे हे दाखवण्यासाठी. क्रिस्तोफने दंडावर हुज्जत घालत वेळ काढला नाही. चिमटा बसवला, खिशात पाव कोंबला आणि पुढचे आस्पां व पेरसूर्द हे दोन घाट चढून तो संध्याकाळी लुशोंला पोहोचला. पॅरिसला तो सातवा आला. टूर तीसने जिंकली. गमतीचा भाग असा की, त्याच शर्यतीत शेवटी तीसचाही चिमटा तुटला. त्याने सायकलच्या दुकानात काम उरकले, दहा मिनिटांचा दंड सोसला आणि तरीही तो पहिला राहिला. म्हणजे कुठे चिमटा तुटतो, दुकानापाशी की डोंगरमाथ्यावर, यालाही महत्त्व आहेच.

१९१४ साली क्रिस्तोफने सहावे हिवाळी अजिंक्यपद मिळवले. (त्याच वर्षी आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात झाली, हे सहज आठवले.) मग महायुद्ध आले. लापीझ, फाबेर, पती-ब्रेतों हे टूरचे तीन विजेते युद्धात गेले. क्रिस्तोफ परत आला, पण ऐन उमेदीची चार वर्षे संपली होती.

१९१९ ची टूर फुटक्या रस्त्यांवर झाली. ६७ स्वार निघाले आणि पॅरिसला अकरा पोहोचले. त्या वर्षी एकूण क्रमात पुढे असलेला स्वार लोकांना ओळखू यावा म्हणून त्याला पिवळा सदरा देण्याची प्रथा सुरू झाली. शर्यत भरवणारे ‘लोतो’ हे दैनिक पिवळ्या कागदावर छापत, म्हणून तो रंग. १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोबल येथे पहिला पिवळा सदरा अंगावर चढवण्याचा मान क्रिस्तोफला मिळाला. आज तो सदरा म्हणजे सायकलपटूंचा मुकुट आहे. त्या वेळी मात्र लोक त्याला पिवळा पक्षी म्हणून चिडवीत. शेवटून दुसरा टप्पा मेट्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. क्रिस्तोफ सुमारे अठ्ठावीस मिनिटांनी पुढे होता. वालांसिएनजवळच्या दगडी फरसबंदीवर पुन्हा तोच प्रकार झाला. चिमटा तुटला. या वेळी जवळ कारखाना होता, हत्यारे होती आणि हात तेच होते. तरी एकूण अडीच तासांच्या आसपास गेले. फिर्मां लांबो पहिला आला, क्रिस्तोफ तिसरा. पण यंदा लोक गप्प बसले नाहीत. ‘लोतो’ने त्याच्यासाठी वर्गणी काढली आणि १३,३१० फ्रँक जमले, विजेत्याच्या बक्षिसापेक्षा किती तरी जास्त. देणाऱ्यांच्या नावांनी पानेच्या पाने भरली.

यानंतर एखादा थांबला असता. क्रिस्तोफने १९२० साली पॅरिस–तूर आणि बोर्दो–पॅरिस या शर्यती जिंकल्या, १९२१ साली बोर्दो–पॅरिस पुन्हा जिंकली, आणि त्याच वर्षी छत्तिसाव्या वर्षी चिखलातले सातवे अजिंक्यपद मिळवले. १९२२ साली सदतीस वर्षांच्या वयात पिवळा सदरा पुन्हा त्याच्या अंगावर होता. इतक्या वयात तो दुसऱ्या कोणी घातलेला नाही. आणि त्याच शर्यतीत, आल्प्समधल्या गालिबिए घाटात, तिसऱ्यांदा चिमटा तुटला! कादंबरीत असे कोणी लिहिले असते तर आपल्या सरांनी समासात प्रश्नचिन्ह काढले असते. तो आठवा आला. १९२५ साली चाळिसाव्या वर्षी शेवटची टूर खेळून अठरावा आला आणि १९२६ साली त्याने शर्यती सोडल्या. त्या सुमारास मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण सायकलवरून जगाची प्रदक्षिणा करीत होते. १९२३ मध्ये निघालेले हे तिघे १९२८ मध्ये परतले. सायकल आपल्याकडे खेळ नव्हे, असे मी आरंभी लिहिले. त्यांच्यापुरते ते विधान सैल करायला हवे.

निवृत्तीनंतर क्रिस्तोफ मालाकोफलाच राहिला. पायडलवर पाय घट्ट राहावा म्हणून पुढे लावतात त्या पट्ट्या आणि कड्या त्याच्या नावाने विकल्या जात आणि पुढे अनेक दशके जगभरचे स्वार त्या वापरीत. त्यांपैकी किती जणांना हे माणसाचे नाव आहे हे माहीत होते, कोण जाणे. १९५० साली सायक्लोक्रॉसची पहिली जागतिक स्पर्धा पॅरिसला झाली, ती त्याच्या हयातीत. पुढच्या वर्षी सँत-मारी-द-कांपांच्या त्या भट्टीच्या जागी फलक लावला गेला. त्या प्रसंगी सहासष्ट वर्षांचा क्रिस्तोफ पुन्हा त्या खेड्यात आला आणि चिमटा कसा जोडला होता, ते त्याने लोकांना करून दाखवले. या वेळी शेजारी कोणी घड्याळ घेऊन उभे नव्हते. १ फेब्रुवारी १९७० रोजी, ऐन सायक्लोक्रॉसच्या हंगामात, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी तो वारला.