पाखरांची बाजू घेणाऱ्या कार्सनबाई

रेचेल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. आई त्यांना घेऊन रानात हिंडायची. पाखरं, किडे, फुलं दाखवायची. त्यामुळे लहानपणीच त्यांना निसर्गाची गोडी लागली. त्यांना लिहिण्याचीही फार हौस होती. अकराव्या वर्षी त्यांची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. म्हणजे तेव्हा त्या आपल्याएवढ्याच होत्या!

कॉलेजात त्या आधी इंग्रजी शिकत होत्या. मग त्यांनी प्राण्यांचा अभ्यास घेतला. १९३२ साली त्या प्राणिशास्त्रात एम. ए. झाल्या. १९३५ साली वडील वारले. घराचा भार त्यांच्यावर पडला. १९३६ साली त्यांना सरकारच्या मासेमारी खात्यात नोकरी लागली. पुढे बहीण वारली, तेव्हा तिच्या दोन मुलींनाही त्यांनीच सांभाळले. नोकरी करून त्या पुस्तके लिहीत. १९५१ साली त्यांचे समुद्रावरचे पुस्तक फार गाजले. मग नोकरी सोडून त्या फक्त लिहू लागल्या.

त्या काळी डीडीटी नावाचे कीड मारायचे औषध निघाले होते. पिकांवर, झाडांवर, विमानातूनसुद्धा ते मारत. कीड मरायची म्हणून लोक खूश होते. १९५८ साली बाईंना एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून औषध मारले आणि तिच्या अंगणातली पाखरं मेली, असे त्यात होते. बाईंनी याचा शोध घ्यायचे ठरवले. चार वर्षे त्या माहिती गोळा करत होत्या.

त्यांना काय दिसले? औषध झाडाच्या पानांवर बसले. पानं गळाली. ती गांडुळांनी खाल्ली. गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि पक्षी तडफडून मेले. म्हणजे औषध किडीपाशी थांबत नाही, ते पुढे पुढे जाते. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विषच आहे.

१९६२ साली बाईंचे पुस्तक आले. नाव 'सायलेंट स्प्रिंग'. म्हणजे पाखरंच उरली नाहीत असा मुका वसंत. औषध बनवणाऱ्या कंपन्या चिडल्या. लोकांनी बाईंची टिंगल केली. तेव्हा बाईंना कॅन्सर झाला होता. पण त्यांनी ते लोकांना कळू दिले नाही. १९६३ साली त्यांनी सरकारपुढे जाऊन सगळे सांगितले. औषध कधीच मारू नका, असे त्यांचे म्हणणे नव्हते. विचार न करता मारू नका, असे होते. १४ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या. तेव्हा त्या ५६ वर्षांच्या होत्या.

पुढे शास्त्रज्ञांना आढळले, की डीडीटीमुळे गरुडाच्या अंड्याचे कवच पातळ होते आणि अंडी उबवतानाच फुटतात. १९७२ साली अमेरिकेने पिकांवर डीडीटी मारणे बंद केले. भारतात शेतीसाठी ते १९८९ साली बंद झाले. अमेरिकेत गरुड पुन्हा वाढले. २००७ साली त्यांचे नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढले. हे बघायला बाई नव्हत्या.

गेल्या साली आमच्या वांग्यांवर औषध मारल्यावर बांधावर दोन साळुंक्या मेलेल्या सापडल्या. मी त्या पुरल्या. त्या कशाने मेल्या ते मला कळले नाही, पण मला फार वाईट वाटले. यंदा बाबा आधी निंबोळीचा अर्क मारतात. कीड फार झाली तरच औषध आणतात. वाफ्यात आम्ही पाखरांना बसायला काठ्याही रोवल्या आहेत. त्यांच्यावर साळुंक्या बसतात आणि अळ्या टिपतात.

पालकांनो, तुम्हीही औषध मारण्याआधी एकदा पिकात जाऊन कीड किती आहे ते बघा. पाखरांची बाजू घेणाऱ्या कार्सनबाईंना माझा नमस्कार!

— इयत्ता चौथी