इनोव्हाच्या मागे उभा असलेला नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर



श्रावणात आणि महाशिवरात्रीला आपल्या औंढा नागनाथला दर्शनासाठी बाहेरगावच्या गाड्या येतात. त्यांतली इनोव्हा आपली मुलं लांबूनच ओळखतात. पण त्या गाडीच्या आरसी बुकवर कंपनीचं नाव काय असतं, हे एकदा मुलांना विचारून बघा. तिथे लिहिलेलं असतं, टोयोटा किर्लोस्कर मोटर.

टोयोटा ही जपानची कंपनी, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मग त्याला जोडलेले हे किर्लोस्कर कोण? आपल्या शिवारात हे नाव विहिरीवरच्या मोटरीमुळे घरोघरी माहीत आहे. विहिरीवरची मोटर आणि रस्त्यावरची मोटर, दोन्हीवर एकच नाव कसं आलं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की आपण एका शिक्षकापाशी पोहोचतो. होय, शिक्षकच. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आज त्यांची गोष्ट बघू. सोबत जपानमधल्या एका सुताराच्या मुलाचीही गोष्ट बघू, कारण पुढे या दोन गोष्टी एकमेकींना येऊन मिळतात.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही मूळचे याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलानेही पुस्तकी विद्या शिकावी असं त्यांना वाटणं साहजिक होतं. पण लक्ष्मणरावांचं मन शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हतं. त्यांना दोनच गोष्टींचं वेड होतं. एक चित्र काढणं आणि दुसरं म्हणजे यंत्र उघडून आत काय आहे ते बघणं.

थोरले बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. दोनेक वर्षं गेल्यावर एक गोष्ट उघडकीला आली. त्यांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. म्हणजे त्यांना रंगांधत्व होतं. ज्याला चित्रकार व्हायचंय त्याला रंगच नीट दिसत नाहीत! विचार करा, अठरा वर्षांच्या मुलाची काय अवस्था झाली असेल. वडिलांच्या मनाविरुद्ध धरलेली वाट मध्येच बंद झाली.

पण पेन्सिलीची रेघ काढायला रंग लागत नाही. यंत्राचा आराखडा काढायचा तर हवं असतं अचूक माप आणि स्थिर हात. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यंत्रांचं रेखाटन धरलं. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, हाच विषय शिकवायला त्यांना साहाय्यक शिक्षक म्हणून घेतलं. तास संपला की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जात. कागदावर काढलेलं यंत्र प्रत्यक्षात कसं चालतं, कुठे अडतं, ते हाताने करून बघत. शिक्षक असतानाही ते विद्यार्थीच राहिले.

सायकलीचं दुकान

त्या काळात सायकल म्हणजे अगदी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली बघितल्या आणि भावाच्या जोडीने धंदा सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या आणि चालवायलाही शिकवायच्या. किर्लोस्कर ब्रदर्स हा उद्योग आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो. भावाभावांचा धंदा म्हणून हे साधंसरळ नाव.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. इंग्रजांचं राज्य होतं, हे तेव्हा नवीन नव्हतं. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला आले. ज्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

पण सायकल ही शहरातल्या पैसेवाल्यांची हौस होती. आजूबाजूला सगळी शेती आणि शेतकऱ्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांची तीच अवजारं. मग लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, आपण कडबाकुट्टी म्हणतो ते. आणि त्यानंतर हात घातला लोखंडी नांगराला.

दोन वर्षं न विकलेला नांगर

आपल्या मुलांना लाकडी नांगर आता चित्रातच दिसतो. त्याचा फाळ जमीन उकरत जातो, पण माती पूर्ण उलटी करत नाही. लोखंडी नांगराचं वाकडं पातं मातीचा थर उचलून पालथा घालतं. हरळीसारख्या चिवट तणाची मुळं वर येतात आणि उन्हात वाळतात. हा फायदा आज आपल्याला सहज पटतो. तेव्हा मात्र गावोगावी अशी समजूत होती की लोखंड जमिनीत गेलं की जमीन नासते, तिच्यात विष भिनतं.

परिणाम काय झाला? नांगर तयार झाला, पण पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं लागली.

इथे थोडं थांबा. वर्गात ही गोष्ट सांगताना आपण पटकन म्हणून जातो, की शेतकरी अडाणी होते. तसं सांगू नका. ज्याचं सगळं घर एका जमिनीच्या तुकड्यावर चालतं, तो अनोळखी वस्तू त्या जमिनीत घालताना दहा वेळा विचार करणारच. एक हंगाम वाया गेला तर वर्षभराचं खाणं जातं. सोयाबीनचं नवीन बियाणं घेताना आपल्याकडचा शेतकरी आधी शेजाऱ्याच्या रानात पीक बघून येतो, ते याच कारणाने. लक्ष्मणरावांना हे उमगलं होतं. गिऱ्हाइकाला नावं ठेवत ते बसले नाहीत. शेतकरी काय म्हणतो ते ऐकायचं, आपल्या बैलांना आणि आपल्या मातीला सोसेल असा नांगरात बदल करायचा आणि तो परत शेतात चालवून दाखवायचा, हा मार्ग त्यांनी धरला. एकाच्या शेतात चालला की शेजारचा बघतो. नाव असंच होतं, बांधाबांधाने.

माळावरचं गाव

नांगराचा जम बसू लागला तोच नवीन संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा हवी होती. त्यात कारखान्याची जागा गेली. चाळिशीतला माणूस, पदरी बायकामुलं, भोवती कामगारांचे संसार आणि कारखान्याला जागा नाही.

तेव्हा मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. (मुलं हमखास गोंधळतील म्हणून सांगतो. हे आपलं औंढा नव्हे. औंध हे वेगळं संस्थान होतं, आज ते गाव सातारा जिल्ह्यात येतं.) राजेसाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथे राहायला गेले. त्या माळावर कारखाना उभा राहिला, घरं झाली, शाळा झाली. हीच किर्लोस्करवाडी. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

त्या वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी कामावर घेतलं, एवढंच काय, राखणदारीचं कामसुद्धा दिलं. कारखान्याची राखण ज्यांच्या हाती द्यायची त्यांच्यावर किती विश्वास टाकावा लागतो, ते तुम्हीच बघा. नांगर विकताना त्यांनी लोकांकडे विश्वास मागितला होता. इथे त्यांनी तो आधी स्वतः दिला.

पुढे शेंगा फोडायची यंत्रं, उसाचे चरक, हातपंप आणि मग पाण्याचे पंप, इंजिनं अशी भर पडत गेली. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केलं, ते पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून गाजलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकून आले आणि कारखाना त्यांनी कितीतरी पट वाढवला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं.

तिकडे जपानमध्ये

आता दुसरी गोष्ट. लक्ष्मणरावांच्या दोनच वर्षं आधी, १८६७ मध्ये, जपानमधल्या एका खेड्यात साकिची टोयोडा जन्मले. वडील सुतार. आई हातमागावर कापड विणायची. आईचे कष्ट बघून साकिचींनी माग सुधारायचं मनावर घेतलं आणि १८९१ मध्ये लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळवलं. पुढे त्यांनी असा माग केला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड विणलंच जात नसे आणि एक माणूस कितीतरी मागांवर लक्ष ठेवू शकत असे.

१९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला एक लाख पौंडांना विकले गेले. तो पैसा मुलगा किइचिरो याच्या मोटारगाडीच्या प्रयोगांना कामी आला. १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. आडनाव टोयोडा, कंपनी मात्र टोयोटा.

या कंपनीलाही नाव आयतं मिळालं नाही. १९५० मध्ये ती जवळजवळ बुडाली होती. कामगार कमी करावे लागले, संप झाला आणि किइचिरोंनी पद सोडलं. १९५२ मध्ये ते वारले. कंपनीचे चांगले दिवस त्यांना बघायलाच मिळाले नाहीत. १९५७ मध्ये क्राउन ही गाडी अमेरिकेत नेली, तर तिथल्या लांब, वेगवान रस्त्यांवर तिचा दम निघेना. कंपनीने माघार घेतली, चुका शोधल्या आणि पुन्हा तयारी केली. १९६६ ला आलेली कोरोला जगभर चालली.

बापाने मागात घातलेली युक्ती मुलाच्या कारखान्यातही आली. गाडी बनवताना दोष दिसला तर साधा कामगारसुद्धा दोरी ओढून काम थांबवू शकतो. मग दोष का आला, त्याचं कारण काय, त्या कारणाचं कारण काय, असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. टिकाऊ गाडी म्हणून टोयोटाचा जो लौकिक आहे त्याचं मूळ इथे आहे. तरीही २००९-१० मध्ये दोषांमुळे या कंपनीला जगभरातल्या लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे जाऊन माफी मागितली. कमावलेलं नाव रोज सांभाळावं लागतं, ते असं.

दोन घराणी एकत्र

मागवाल्यांचं घराणं आणि नांगरवाल्यांचं घराणं १९९० च्या दशकात एकत्र आलं. आधी सूतगिरणीच्या यंत्रांसाठी आणि मग मोटारींसाठी. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. किर्लोस्करांच्या बाजूने पुढे होते लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर. कंपनीत मोठा वाटा जपानचा, पण नावात किर्लोस्कर कायम राहिलं. कर्नाटकात बंगळुरूजवळ बिडदी इथे कारखाना झाला. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी बिडदीत क्वालिसचं उत्पादन सुरू झालं. २००५ मध्ये क्वालिसची जागा इनोव्हाने घेतली. २०२४ मध्ये या कंपनीने छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. म्हणजे नांगरवाल्यांचं नाव आता आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोहोचलंय.

वर्गात हा पाठ घेताना

१. फळ्यावर एक लांब रेघ काढा. वरच्या बाजूला लक्ष्मणरावांची सालं, खालच्या बाजूला टोयोडांची सालं लिहा. १९९७ ला दोन्ही बाजू जोडा. इतिहासाची कालरेषा आणि गणितातली वजाबाकी, दोन्हीचा सराव होतो.

२. मोडलेली एखादी वस्तू घ्या, उदाहरणार्थ दप्तराची तुटलेली चेन. मुलांना पाच वेळा 'का?' विचारू द्या. उत्तर देताना कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त कारण शोधायचं.

३. हा मुद्दा पालकांसाठीही आहे. चित्रात झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला लगेच रागावू नका. त्याला रंगांधत्व असू शकतं. मुलांमध्ये ते मुलींपेक्षा जास्त आढळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून साध्या तपासणीत ते कळतं. नकाशा रंगवताना अशा मुलाला रंगासोबत रेघा, ठिपके अशा खुणा वापरू द्या. रंगीत खडूंवर रंगाचं नाव चिकटवून ठेवा.

४. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून यावं, की आपल्या रानात लोखंडी नांगर पहिल्यांदा कधी आला आणि तेव्हा घरातले काय म्हणाले होते. उत्तरं वहीत लिहून आणायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून घ्या.

लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते म्हणून कुणी तेव्हाच नापासाचा शेरा मारून घरी पाठवलं असतं, तर काय काय झालं नसतं याची यादीही मुलांकडून करून घ्या. ती यादी आपण शिक्षकांनी आणि पालकांनीही एकदा वाचावी. आपल्या समोरच्या बाकावर बसलेल्या कुठल्या मुलाला काय येत नाही, ते आपल्याला पाठ असतं. त्याला काय येतं, ते शोधायला या आठवड्यात थोडा वेळ काढू या.